चेहरा आणि खूण

आमच्या घरांत गेलें वर्षभर दोन पक्ष आहेत. एक मोठ्या कॅमेऱ्याचा आणि दुसरा लहान कॅमेऱ्याचा. चाकणच्या एका कारखान्यांत अभियंता असलेला आमचा पुतण्या हा पहिल्या पक्षाचा धुरीण, व कॉलेजांत शिकणारी त्याचीच कन्या, म्हणजे आमची नात, ही दुसऱ्या पक्षाची. बापलेकींचा हा वाद रात्रीं पानें मांडल्याबरोबर सुरू होतो आणि ताकभातापर्यंत पुरतो. चिंचवडगांवांतील या घरांत अकरा माणसें एका स्वयंपाकावर जेवतात, तेव्हां कोणत्याहि वादास पंचांची वाण पडत नाहीं. तरीहि निकाल लागेना, म्हणून तो अखेरीस आमच्याकडे आला. उभा जन्म खडू-फळ्यांत आणि शब्दरूपावलींत घालविलेल्या माणसानें यंत्रांच्या तंट्यांत पंच व्हावें हें विचित्र खरें. परंतु ज्या कारणासाठीं हा तंटा आमच्यापुढें आला तें यंत्राचें नसून माणसाचें होतें, आणि म्हणूनच तें वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचे वडील बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पिंपरीच्या एका कारखान्यांत त्यांनीं पस्तीस वर्षें तपासनिसाचें काम केलें. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक जॉब मायक्रोमीटरनें व गेजनें मोजावयाचा, बरोबर असेल तो पास, नसेल तो रिजेक्ट. केंसाच्या जाडीएवढा फरकहि त्यांच्या नजरेंतून सुटत नसे. त्याच दादांस गेल्या दोन वर्षांत माणसें ओळखूं येईनाशीं झालीं आहेत. डोळे चांगले आहेत, चष्मा नवा आहे. परंतु डोळ्यांनीं पाहिलेलें मनाशीं जुळत नाहीं. डॉक्टरांनीं या व्याधीचें नांव स्मृतिभ्रंश असें सांगितलें, औषध दिलें, आणि एक घरगुती उपायहि सुचविला. घरांतील प्रत्येकाचें मोठें, स्वच्छ छायाचित्र एका वहींत चिकटवावें. एका पानावर एकच. खालीं ठळक अक्षरांत नांव व नातें लिहावें. आणि रोज निवांत वेळीं ती वही त्यांच्याजवळ बसून चाळावी. यानें रोग हटणार नाहीं, हेंहि त्यांनीं स्पष्ट सांगितलें. परंतु माणूस घरांतल्या घरांत परका होत जातो, तो मार्ग थोडा सुसह्य होतो.

ही वही कोणत्या कॅमेऱ्यानें करावी, हा तो वाद.

प्रथम दोन्ही यंत्रांची ओळख करून देऊं. पुतण्याचा कॅमेरा डी. एस. एल. आर. या जातीचा, आणि त्या जातींतहि नवशिक्यांसाठीं काढलेला. कॅननचा १५०० डी, २०१८ सालचा. याच्या भिंगांतून आलेला प्रकाश आंतील तिरप्या आरशावरून वर वळतो व डोळा लावावयाच्या खिडकींत दिसतो. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, आणि तोच प्रकाश मागील संवेदकावर पडतो. 'खट्' असा जो आवाज होतो तो मुख्यतः या आरशाचा. भिंग काढून दुसरें बसवितां येतें. नातीचा कॅमेराहि कॅननचाच, इक्सस २८५ या नांवाचा, २०१६ सालीं निघालेला. तिनें तो वापरलेला विकत घेतला. अशा अगदीं चिमुकल्या कॅमेऱ्यांस अल्ट्राकॉम्पॅक्ट म्हणतात. त्यास आरसा नाहीं, डोळ्याची खिडकी नाहीं; मागील पडद्यावर पाहावें आणि बटण दाबावें. वजन १४७ ग्रॅम, सदऱ्याच्या खिशांत मावणारें. मोठ्याचें भिंगावांचूनचें अंगच बॅटरी धरून सुमारें ४७५ ग्रॅम भरतें.

दुकानांत गेल्यास प्रथम बिंदूंचा आंकडा पुढें केला जातो. मोठा कॅमेरा सुमारें २४० लाख बिंदूंचा, लहान सुमारें २०० लाखांचा. गिऱ्हाईक चकतें तें येथेंच. आमच्या वहींतील चित्रें ६ × ४ इंचांचीं. इंचास ३०० बिंदु या हिशेबानें अशा छाप्यास १८०० × १२००, म्हणजे बावीस लाखांहूनहि थोडे कमीच बिंदु लागतात. दोघांपाशींहि गरजेच्या नऊ पटींहून अधिक संपत्ति आहे. मग त्यांतील थोरला-धाकटा कशास निवडावा? खरा भेद बिंदूंच्या संख्येंत नसून ते ज्यावर पसरले आहेत त्या संवेदकाच्या क्षेत्रफळांत आहे. मोठ्याचा संवेदक सुमारें २२ मिलिमीटर लांब व १५ मिलिमीटर रुंद. लहानाचा जेमतेम ६ मिलिमीटर लांब व साडेचार रुंद. गुणाकार केल्यास एकाचें क्षेत्रफळ दुसऱ्याच्या सुमारें बारा पट निघतें. अंगणांत पावसाखालीं परात आणि वाटी शेजारीं शेजारीं ठेवावी, तसाच हा प्रकार. पाऊस मुसळधार असेल तर वाटीहि कामापुरती भरते. भुरभुर असेल तेव्हां परातींतच कांहीं जमतें. दुपारच्या अंगणांत प्रकाशाची मुसळधार असते. संध्याकाळच्या माजघरांत भुरभुर. तेथें वाटीवाल्यास जें मिळालें तें फुगवून दाखवावें लागतें, त्यायोगें चित्रावर रांगोळीसारखे कण उमटतात. अथवा पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यांत माणूस हालल्यास चेहरा पुसट होतो.

हा वाद तसा नवा नाहीं. मुंबईस १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळांतील सभासदांपैकीं एक होते. त्या वेळचा कॅमेरा तिवईवर उभा राही, कांचेवर चित्र घेई, आणि समोरच्यानें श्वास आवरून बसावें अशी अपेक्षा करी. पुढें घरोघरीं पेटीकॅमेरे आले. आमच्या तरुणपणीं बडोद्यास तयार होणारा आगफाचा 'क्लिक थ्री' मध्यम स्थितींतल्या कुटुंबांचा आवडता होता. एका रोळांत बारा चित्रें. दादांनीं आपल्या पगारांतून तो घेतला होता. आमच्या वडिलांचीं, म्हणजे नानांचीं, दोनच चित्रें घरांत आहेत. एक स्टुडिओंतलें, त्यांत कोट, टोपी, उपरणें आणि भुंवईचा केंस न् केंस दिसतो. दुसरें 'क्लिक थ्री'चें; त्यांत नाना पवनेच्या घाटावर धोतर पिळीत आहेत, तोंड अर्धें फिरलेलें आहे आणि पाय चित्राबाहेर गेले आहेत. ही जोडी आम्हीं लहानपणापासून... चुकलों, तरुणपणापासून पाहत आलों, परंतु त्यांतला अर्थ दादांच्या आजारानेंच कळला.

वहीचें काम एका रविवारीं सकाळीं सुरू झालें. पुतण्यानें ओटीवर खिडकीशेजारीं खुर्ची मांडली, भिंग ५५ मिलिमीटरवर नेलें, स्वतः सहा-सात फुटांवर उभा राहिला आणि एकेकास बसवून चित्रें घेतलीं. तीं उत्तम आलीं, हें प्रतिपक्षानेंहि मान्य केलें. मागची भिंत मवाळ झालेली, चेहरा तेवढा ठसठशीत. नातीनें त्याच खुर्चीवरचीं चित्रें आपल्या कॅमेऱ्यानें घेतलीं. परंतु भिंग पसरट ठेवून चेहरा भरण्यासाठीं तिला हातभर अंतरावर जावें लागलें, आणि सर्वांचीं नाकें मोठीं व कान मागें गेलेले दिसूं लागले. याचें कारण कॅमेऱ्यांत नसून अंतरांत आहे. फार जवळून पाहिल्यास नाक डोळ्यास कानापेक्षां पुष्कळच जवळचें होतें. दूर उभें राहिल्यास तें प्रमाण सुधारतें. तिच्या कॅमेऱ्यासहि दुरून पाहण्याची सोय आहे. परंतु तसें करतांना त्याच्या भिंगाची प्रकाश घेण्याची शक्ति निम्म्याहूनहि कमी होते, आणि घरांत दिवा चमकवावा लागतो. तो चमकला कीं दादा दचकतात.

मोबाइल कां नको, असा प्रश्न वाचकांच्या मनांत आलाच असेल. सूनबाईंनीं तोहि प्रयोग केला. त्यांच्या मोबाइलांत चेहरा आपोआप उजळण्याची सोय चालू राहून गेली होती. त्यायोगें आमच्या वहिनींच्या सुरकुत्या नाहींशा झाल्या. दादांनीं तें चित्र हातांत घेतलें, उलटसुलट पाहिलें आणि बाजूस ठेवलें. "रिजेक्ट," एवढेंच ते म्हणाले. पन्नास वर्षें शेजारीं असलेल्या चेहऱ्यावरून कोणी रंधा फिरवावा, हें तपासनिसास कसें रुचावें!

आतां आमची चूक सांगितली पाहिजे. मोठ्या कॅमेऱ्याच्या चित्रांची वही तयार झाली त्या संध्याकाळीं आम्ही ती घेऊन दादांजवळ बसलों. चाळीस वर्षें परीक्षा घेतलेल्या हातास दुसरें काय सुचणार? चित्राखालचें नांव तळव्यानें झांकून आम्हीं विचारलें, "दादा, सांगा पाहूं, हा कोण?" त्यांनीं पाहिलें. पुन्हां पाहिलें. कपाळावर घाम आला. दुसरें पान, तिसरें पान. शेवटीं आमच्याकडे वळून ते अगदीं हळू म्हणाले, "मास्तर, मी नापास झालों का?"

धाकट्या भावास ते मास्तर म्हणाले, हें एक; आणि नापास हा शब्द त्यांच्या तोंडून जन्मांत प्रथमच ऐकला, हें दुसरें. वहिनींनीं आमच्या हातांतून वही काढून घेतली. "भावजी, परीक्षा शाळेंत घ्यायच्या," त्या म्हणाल्या, आणि दादांस घेऊन आंत गेल्या. पुढें डॉक्टरांनींहि हेंच सांगितलें, कीं वही दाखवावी ती गोष्ट सांगावी तशी. नांव आपणच घ्यावें. ओळख पटली तर आनंद मानावा, न पटली तर पान उलटावें. ज्यांच्या घरीं असें वडीलधारें माणूस असेल त्यांनीं आमच्या अनुभवानें शहाणें व्हावें.

यानंतर आठ दिवस वही कपाटांत राहिली. मग पुतण्यास एक कल्पना सुचली. दोन्ही कॅमेऱ्यांचीं चित्रें, खुर्चीवरचीं आणि नातीनें वर्षभरांत येतां-जातां घेतलेलीं, एकत्र छापून आणून त्यानें तीं एका ट्रेमध्यें दादांपुढें ठेवलीं; विचारलें कांहींच नाहीं. ट्रे पाहतांच दादांचे हात आपोआप चालूं लागले. एकेक चित्र उचलावें, उजेडाकडे धरावें, आणि डावीकडे वा उजवीकडे ठेवावें. उजवीकडे पास, डावीकडे रिजेक्ट. सारें घर दाराआड उभें राहून पाहत होतें.

मोठ्या कॅमेऱ्यानें घेतलेलें वहिनींचें चित्र पास झालें. त्यावर त्यांनीं अंगठा फिरविला. त्यांच्या मुलाचें, म्हणजे पुतण्याचें, खुर्चीवरचें चित्र डावीकडे गेलें. परंतु नातीनें पहाटे दारांत घेतलेलें, हातांत डब्याची पिशवी, पायांत कारखान्याचे जड बूट, चेहरा अंधारांत अर्धा बुडालेला आणि सर्वत्र कण दिसणारें चित्र हातीं येतांच ते म्हणाले, "रात्रपाळी सुटली वाटतें. चहा ठेवा." पुतण्या दाराआडून बाजूस झाला तो बराच वेळ परत आला नाहीं.

मग आमची पाळी आली. खुर्चीवरच्या आमच्या चित्रांत सुरकुती न् सुरकुती उमटलेली आहे, आणि आम्ही नानांच्या वयाचे झालों आहों हें त्यांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें आरशांतहि दिसत नाहीं. दादांनीं तें चित्र कपाळास लावलें. "नाना," ते म्हणाले, आणि उजवीकडे ठेवलें. तपासनीस चुकला नव्हता. चेहरा नानांचाच होता. पुढें दहाबारा चित्रांनंतर आकुर्डीचें एक चित्र निघालें. ज्येष्ठ वद्यांत तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर आकुर्डीस मुक्कामास येते, आणि आम्ही दोघे बंधु दर्शनास जातों. त्या दिवशीं रिमझिम होती, गर्दी होती; पुतण्याचा कॅमेरा पाण्याच्या भयानें घरींच राहिला आणि नातीचा तिच्या खिशांतून आला. चित्र पाठमोरें, कलतें, सांजवेळेचें. चेहरा नाहींच, सदऱ्याच्या कॉलरींत मागें अडकविलेली छत्री तेवढी दिसते. दादा चटकन म्हणाले, "बाळ आहे. किती वेळां सांगितलें, छत्री अशी अडकवूं नको, कोणाच्या तरी डोळ्यांत जाईल."

बाळ हें आमचें घरचें नांव. तें ऐकून कित्येक महिने झाले होते.

शास्त्रकारांनीं ओळखीस प्रत्यभिज्ञा म्हटलें आहे, आणि तिचें उदाहरण म्हणून पूर्वीं पाहिलेला देवदत्त तोच हा समोरचा, असें सांगितलें आहे. आम्ही वर्गांत हें शिकवीत असूं, तेव्हां देवदत्ताचा चेहरा पाहिला कीं काम झालें असें समजत होतों. परंतु कालिदासाच्या नाटकाचें नांवच अभिज्ञानशाकुन्तल आहे. दुष्यंतापुढें शकुंतलेचा चेहरा साक्षात् उभा होता, तरी ओळख पटली नाहीं. ती पटली कोळ्याच्या हातून आलेल्या अंगठीनें. विस्मृतीच्या राज्यांत चेहऱ्यापेक्षां खूण कधीं कधीं वरचढ ठरते, हें कवीस ठाऊक होतें. मोठा कॅमेरा चेहरा आणतो. लहान कॅमेरा अंगठी आणतो.

हें विधान मर्यादेनें घ्यावें. मोठ्या कॅमेऱ्यानेंहि छत्री टिपतां येते, आणि ती अधिक स्वच्छ येईल. परंतु तो पिशवींतून काढावा, भिंगाचें झांकण काढावें, डोळ्यास लावावा, तोंपर्यंत समोरचीं माणसें सावरून बसतात, पदर नीट होतो, छत्री हातांत येते. लहान कॅमेऱ्यासाठीं कोणी सावरत नाहीं. उलट वहिनींचें चित्र लहान कॅमेऱ्यानें माजघरांत दहादां घेऊनहि साधलें नव्हतें. त्यास परातच पाहिजे होती.

तेव्हां आमचा निकाल असा. ज्या घरास एकच घेणें शक्य आहे, त्यानें लहान कॅमेरा घ्यावा आणि दाराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवावा, म्हणजे जाणाऱ्यायेणाऱ्याच्या हातास तो लागेल. मोठा कॅमेरा वर्षांतून एक दिवस नात्यागोत्यांतून मागून अथवा भाड्यानें आणावा, आणि घरांतील प्रत्येक चेहरा खिडकीच्या उजेडांत, दिवा न चमकवितां, सहा-सात फुटांवरून घ्यावा. मात्र ज्या घरांत तो शिकून घेण्याची हौस असलेलें एखादें माणूस असेल, तेथें मोठ्यावर केलेला खर्च वायां जाणार नाहीं. दोन्ही जातींचा बाजार आतां आटला आहे. आरशाच्या कॅमेऱ्यांकडून कंपन्यांचें लक्ष बिनआरशाच्या मोठ्या कॅमेऱ्यांकडे वळलें आहे, आणि लहानांचा धंदा मोबाइलनें गिळला. तरी तरुण मंडळींत लहानांस पुन्हां मागणी आल्यामुळें २०२५ सालीं कॅननने आपला एक जुना चिमुकला कॅमेरा थोड्या फेरफारानें पुन्हां काढला. वापरलेला घेणाऱ्यानें भिंगांतून विजेरीचा झोत टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का तें पाहावें. आपल्या पावसाळ्यांत ती हटकून धरते. बॅटरी किती वेळ टिकते हें दुकानांतच अजमावावें. आणि चित्रें यंत्रांत न ठेवतां छापून घ्यावीं, मागें पेन्सिलीनें नांव, नातें व तारीख लिहावी.

आमची वही आतां नव्यानें बांधली आहे. एका पानावर चेहरा, पान उलटलें कीं खूण. रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर आम्ही ती दादांजवळ बसून वाचतों आणि नांवें आम्हीच घेतों. कांहीं दिवस त्यांस सर्व ओळखूं येतात, कांहीं दिवस कोणीच नाहीं. आमच्या चेहऱ्याचें पान आलें कीं मात्र ते न चुकतां हात जोडतात. वडील बंधूंचा नमस्कार धाकट्यानें घेऊं नये असा शिष्टाचार आहे. आम्ही तो नानांच्या वतीनें घेतों, आणि छत्रीचें पान उलटतों.